बॅकपोर्ट कधी घ्यायचा, कधी थांबायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, देवगड, वेंगुर्ले आणि मधल्या गावांतल्या काही शाळा, वाचनालयं, मच्छीमार सोसायट्या आणि आंबा पॅकिंगची दोन ठिकाणं, एवढ्यांचे डेबियनवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) चालणारे संगणक आम्ही तिघं मिळून सांभाळतो. फोनवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

बॅकपोर्ट म्हणजे नेमकं काय?

हापूसचं कलम बांधताना पाहिलं असेल. खाली खुंट रायवळचा, त्याची मुळं इथल्या जांभ्या दगडात रुजलेली. वर काडी हापूसची. झाड तेच, फळ आपल्याला हवं ते. बॅकपोर्टही असाच असतो. खालची सिस्टीम जुनीच, रुळलेली राहते. त्यावर एखादाच प्रोग्राम नव्या व्हर्जनचा बसवायचा, पण जुन्या सिस्टीमच्या लायब्रऱ्यांशी, म्हणजे प्रोग्राम ज्यांच्या आधारावर चालतात त्या सामायिक भागांशी, जुळेल असा नव्याने कंपाइल (बांधणी) करून.

या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. प्रोग्राम जुनाच ठेवायचा आणि नव्या व्हर्जनमधली एकच दुरुस्ती, एकच पॅच उचलून जुन्यात शिवायचा, यालाही बॅकपोर्टच म्हणतात. सुरक्षेची बहुतेक अपडेट्स या दुसऱ्या प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात वागणं बदलतं, मेनू बदलतात, फाइलचा फॉर्मॅटही बदलू शकतो. दुसऱ्यात यातलं काही बदलू नये अशी अपेक्षा असते. तुम्ही फोन करून ‘अपडेट टाकू का’ विचारता तेव्हा आम्ही आधी ‘कुठलं’ असं विचारतो, ते यासाठी.

‘स्टेबल’ म्हणजे न बिघडणारं ना?

नाही. डेबियनच्या भाषेत स्टेबल म्हणजे न बदलणारं. त्यातही बग असतात. पण ते कुठले आहेत हे कळलेलं असतं, त्यांच्यावरचे उपाय लिहून ठेवलेले असतात, आणि आज जे जसं चालतंय ते सहा महिन्यांनीही तसंच चालेल याचा भरवसा असतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना हा भरवसा नव्या सोयीपेक्षा मोलाचा वाटतो आणि मला ते शंभर टक्के पटतं.

मग आमच्याकडे सगळं इतकं जुनं का दिसतं?

डेबियन १२ हे १० जून २०२३ ला आलं. पण त्यात मोठे बदल घेणं त्याच वर्षीच्या जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने थांबवलं होतं. त्यामुळे त्यात लिबरऑफिस (कार्यालयीन कामाचा प्रोग्राम) ७.४, कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१ आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) १५ आहे आणि ती मुख्य व्हर्जन्स शेवटपर्यंत तशीच राहणार. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये लिबरऑफिस २५.२, कर्नल ६.१२ आणि पोस्टग्रेस १७ आहे. आमचे काही संगणक १३ वर गेलेत, काही अजून १२ वर आहेत. बॅकपोर्टचे प्रश्न मुख्यतः या १२ वाल्यांचे.

नवं व्हर्जन पुरेसं पिकलंय हे कसं ठरवता? किती दिवस थांबायचं?

दिवस मोजून पूर्ण उत्तर मिळत नाही, पण सुरुवात दिवसांपासूनच होते.

डेबियनमध्ये नवं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार केलेला प्रोग्राम, आधी अनस्टेबल या कच्च्या शाखेत येतं. तिथून टेस्टिंग या पुढच्या शाखेत जायला घाईच्या दर्जानुसार २, ५ किंवा १० दिवस थांबावं लागतं. त्या मुदतीत कुणी गंभीर बग नोंदवला तर ते तिथेच अडतं. बॅकपोर्टमध्ये येणारी पॅकेजेस सहसा या टेस्टिंगमधूनच घेतलेली असतात. म्हणजे आपल्यापर्यंत येण्याआधी एक चाळणी झालेली असते. पण दहा दिवसांत सापडतात ते ढोबळ बग: सुरूच न होणं, इन्स्टॉल होताना अडणं. महिनाअखेरच्या हिशेबात किंवा चाळीस पानी अहवालात लागणारा बग दहा दिवसांत कुणाच्या हाती लागत नाही.

म्हणून आम्ही दुसरी गोष्ट बघतो. मोठ्या रिलीजनंतरचं पहिलं छोटं रिलीज केव्हा आलं आणि त्यात काय दुरुस्त केलं? चार दिवसांत घाईघाईने आलं असेल तर आधीचं कच्चं होतं. महिन्याभराने आलं आणि त्यात किरकोळ दुरुस्त्या असतील तर घडी बसत चालली आहे. लिबरऑफिसची मोठी रिलीजेस वर्षातून दोन, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास येतात आणि प्रत्येकाची पुढे बरीच छोटी रिलीजेस येत राहतात. व्हर्जनचा शेवटचा आकडा ४ किंवा ५ होईपर्यंत आम्ही ते कार्यालयाच्या संगणकावर घेत नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवालेही दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएसवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या व्हर्जनवर) जुन्या एलटीएसवरून जाण्याची सूचना पहिलं पॉइंट, म्हणजे छोटं, रिलीज झाल्यावरच देतात. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं आणि २४.०४.१ ऑगस्टच्या अखेरीस. चार महिने, आणि हे थांबणं खुद्द बनवणाऱ्यांनीच ठरवलेलं.

तिसरी गोष्ट बगची यादी. यादी किती लांब आहे याने काही ठरत नाही. ज्या प्रोग्रामला लाखो लोक वापरतात त्याची यादी लांबच असणार. वाचायचं ते हे: डेटा गेल्याची तक्रार आहे का? आधी चालत होतं आणि आता चालत नाही, म्हणजे ज्याला रिग्रेशन म्हणतात, तशा तक्रारी वाढताहेत की कमी होताहेत? तक्रारीला कुणी उत्तर देतं आहे का? उत्तर न आलेल्या दहा तक्रारींपेक्षा उत्तर येऊन तपास चालू असलेल्या शंभर मला चालतील. फेडोरा आणि आर्च या दुसऱ्या लिनक्सांकडे नवी व्हर्जन्स आधी पोचतात, त्यामुळे तिथले लोक काय म्हणताहेत तेही चाळते. दोन नारळ सोलायला लागतो तेवढाच वेळ लागतो, पण तो द्यावा लागतो.

थांबल्यामुळे खरंच कधी वाचलोय का?

हो. मार्च २०२४ ची गोष्ट प्रत्येकाला माहीत असावी असं मला वाटतं. एक्सझेड नावाची फाइल आवळून लहान करणारी एक लायब्ररी आहे. ती जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्समध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवला होता आणि तो एसएसएचमार्गे (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीतून) सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी होता. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवर काम करणारे प्रोग्रामर. आपल्या डेबियन अनस्टेबलच्या मशीनवर लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, प्रोसेसर उगाच का राबतोय, याच्या मागे ते लागले आणि २९ मार्चला त्यांनी ते उघड केलं. तोवर ही व्हर्जन्स डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोचली होती. स्टेबलमध्ये नव्हती. आमच्या एकाही संगणकाला धक्का लागला नाही.

पण यातून ‘थांबलं की झालं’ असा अर्थ काढू नका. नुसत्या थांबण्याने काही सापडत नाही. कुणीतरी वापरत होतं, कुणाला तरी अर्धा सेकंद खटकला, म्हणून सापडलं. सगळेच थांबले असते तर तो दरवाजा आपल्यासोबत स्टेबलमध्ये आला असता. यासाठीच आमच्यापैकी एकाच्या घरच्या मशीनवर कायम टेस्टिंग असतं आणि त्यावर दिसलेले बग आम्ही नोंदवतो. दुसऱ्यांनी चाखून पाहिलेलं आपण घेतो, तर आपणही थोडं चाखायला हवं.

म्हणजे जितकं जुनं तितकं सुरक्षित?

मुळीच नाही. हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड आठवा. ओपनएसएसएल म्हणजे नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी लायब्ररी. तिचं १.०.१ व्हर्जन मार्च २०१२ मध्ये आलं आणि त्यातलं हे भगदाड ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं. दोन वर्षं ते जगभर चालू होतं, ‘मुरलेलं’ म्हणून लोक डोळे मिटून वापरत होते. त्याच्याही आधीच्या ०.९.८ मध्ये मात्र ते भगदाड नव्हतं. वयाने काहीच सिद्ध होत नाही, ना या बाजूने ना त्या.

म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्यांना वर लिहिलेलं थांबणं लागू नाही. त्या आमच्याकडे आपोआप, रोज येतात. ‘अपडेट बंद करून द्या, मध्ये मध्ये येतं’ अशी मागणी होते. ती आम्ही कुणाचीही मान्य करत नाही, सोसायटीच्या चेअरमननी सांगितलं तरी नाही.

तपासणीला आलेले म्हणाले तुमचं व्हर्जन जुनं आहे, धोका आहे. काय उत्तर द्यायचं?

पूर्ण व्हर्जन दाखवा, शेपटीसकट. हार्टब्लीडच्या वेळी डेबियन ७ ने दुरुस्ती दिली ती १.०.१ई-२+डेब७यू५ या पॅकेजमध्ये. पुढचा आकडा तोच, १.०.१ई, जो बाहेरच्या यादीत ‘धोकादायक’ म्हणून होता. दुरुस्ती झाल्याची खूण फक्त त्या शेवटच्या यू५ मध्ये. नुसता पुढचा आकडा वाचणारं तपासणीचं सॉफ्टवेअर इथे हमखास चुकतं. डेबियनच्या सुरक्षा यादीत प्रत्येक भगदाडाचा क्रमांक आणि ते कुठल्या पॅकेजमध्ये बुजवलं ते दिलेलं असतं. ते पान छापून फाइलला लावा. तरी अडलं तर आम्हाला फोन करा, आम्ही बोलतो.

छोटा पॅच तर निर्धोक असेल ना? दहा ओळींनी काय बिघडणार?

डिसेंबर २०२३. डेबियन १२.३ हे ९ तारखेला यायचं होतं. ऐन वेळी ते थांबवलं, कारण त्यातल्या ६.१.६४ कर्नलमुळे एक्स्ट४ वरच्या फाइलींचा डेटा खराब होऊ शकत होता. एक्स्ट४ म्हणजे आपल्या सगळ्या संगणकांच्या डिस्क ज्या पद्धतीने लिहिल्या जातात ती. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नल घालून थेट १२.४ दिलं गेलं.

झालं होतं असं की नव्या कर्नलमधली एक चांगली, खरी दुरुस्ती ६.१ मध्ये मागे आणली. पण ती दुरुस्ती नव्या कर्नलमध्ये आधीच होऊन गेलेल्या दुसऱ्या एका बदलाच्या आधारावर उभी होती आणि तो बदल ६.१ मध्ये आलाच नव्हता. काडी निरोगी, खुंटही निरोगी, पण दोघांचा सांधा जुळत नव्हता. कर्नलच्या स्टेबल शाखेचे नियम कडक आहेत: पॅच आधी मुख्य कर्नलमध्ये गेलेला असावा, शंभर ओळींहून मोठा नसावा, खराखुरा त्रास दूर करणारा असावा. हा पॅच मुख्य कर्नलमध्ये आधीच गेलेला होता आणि खराखुरा त्रास दूर करणाराही होता.

त्या दिवसापासून मी कुठल्याही बॅकपोर्टकडे बघताना ‘हे व्हर्जन चांगलं आहे का’ यावर थांबत नाही. नव्या घरी ते चांगलंच असतं. प्रश्न असतो तो, आपल्या जुन्या घरात ते कशावर टेकणार आहे आणि ते टेकू इथे आहेत का. बॅकपोर्ट घेताना त्याच्यासोबत किती लायब्रऱ्या नव्याने ओढल्या जाताहेत ती यादी आम्ही आधी काढतो. एकटा प्रोग्राम येत असेल तर उत्तम. दोन-चार लायब्रऱ्या येत असतील तर त्या आणखी कोण वापरतंय ते बघतो. आणि ग्लिबसी, म्हणजे ज्यावर सगळंच उभं असतं ती मूळ लायब्ररी, हलवावी लागणार असेल तर विषय तिथेच संपतो. तेव्हा सगळी सिस्टीमच पुढच्या डेबियनवर न्यायची.

डेटाबेसचं काय? सोसायटीच्या हिशेबाला नवं पोस्टग्रेस हवंय असं प्रोग्रामवाला म्हणतो.

डेटाबेस आम्ही बॅकपोर्ट म्हणून बदलत नाही. पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन दरवर्षी येतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे घाई कसलीच नाही. मोठं व्हर्जन बदललं की डिस्कवरचा डेटा जसाच्या तसा चालत नाही, तो रूपांतरित करावा लागतो. आणि एकदा नव्यात व्यवहार सुरू झाले की मागे येणं म्हणजे मधल्या दिवसांच्या पावत्या पुन्हा हाताने भरणं.

इथे आणखी एक खाच आहे. २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ ने अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. डेबियन ९ वरून १० वर जाताना पोस्टग्रेस तेच ठेवलेल्यांचेसुद्धा नावांवर बांधलेले इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) चुकले, कारण क्रम लावण्याचं काम पोस्टग्रेस खालच्या लायब्ररीकडून करून घेत होतं. इंडेक्स नव्याने बांधेपर्यंत यादीत असलेलं नाव शोधल्यावर सापडेलच याची खात्री नव्हती. सभासदांच्या यादीत हे झालं तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

छोटी रिलीजेस मात्र घेतो, आठवडाभर थांबून. तो आठवडा का? १४ नोव्हेंबर २०२४ च्या छोट्या रिलीजमध्ये आतली एक रचना बदलली गेली आणि पोस्टग्रेसला जोडून चालणारे काही जादा भाग अडले. २१ नोव्हेंबरला त्यांनी ठरल्या वेळापत्रकाबाहेर दुसरं रिलीज देऊन ते सावरलं. बरोबर एक आठवडा.

बॅकपोर्ट घ्यायलाच हवा असं कधी असतं?

नवा लॅपटॉप. मुंबईहून भावाने आणलेला किंवा कुडाळला दुकानात घेतलेला, त्यातली वायफाय चिप कर्नल ६.१ नंतर निघालेली. डेबियन १२ त्याला ओळखतच नाही. इथे थांबण्यात अर्थ नाही, कर्नल आणि त्यासोबत फर्मवेअरही (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) बॅकपोर्टमधून घ्यावं लागतं. फर्मवेअर विसरलं की कर्नल नवा असूनही वायफाय दिसत नाही, हे चारदा झालंय.

दुसरं, बाहेरच्या जगाने नियम बदलले आणि जुना प्रोग्राम त्या सरकारी पोर्टलशी बोलेनासा झाला. तिसरं, मराठी नीट न दिसणं किंवा पीडीएफमध्ये तुटणं, आणि नव्यात ते सुधारलेलं असणं. ही तीन कारणं आम्हाला पुरतात. ‘नवीन दिसतं’ हे कारण धरत नाही.

घेण्याआधी तुम्ही चाचणी कशी करता?

एक संगणक, एक आठवडा, खरी माणसं. वाचनालयातल्या संगणकापासून सुरुवात करतो, कारण तिथे काही अडलं तर वही आहे आणि ग्रंथपाल बाई बारीकसारीक लक्षात ठेवून सांगतात.

लिबरऑफिस असेल तर आमची एक ठरलेली फाइल आहे. त्यात कैऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हस्व हे शब्द आहेत. हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ पासून आणि एक साध्या र ला अदृश्य जोडअक्षर लावून. दोन्ही दिसतात सारखेच, पण शोधताना एक लिहिला तर दुसरा सापडत नाही. त्यात ल आणि श आहेत. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी ठेवल्यावर ते आपल्या वळणाचे दिसायला हवेत, हिंदीच्या नाही. रुपयाची खूण आहे. ळ, क्ष, ज्ञ ने सुरू होणाऱ्या नावांची यादी आहे, ती क्रमाने लावून बघतो. मग एक छापील पान काढायचं. पडद्यावर सगळं ठीक आणि कागदावर रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी तीच फाइल जुन्या व्हर्जनमध्ये परत उघडायची. ती उघडली नाही तर बाकी सगळं पास असून नापास.

ही वेळ बरी, ती नाही, असं का सांगता? पाच मिनिटांचं काम आहे.

टाकायला पाच मिनिटं, निस्तरायला दोन दिवस. ते दोन दिवस तुमच्याकडे कधी असतात?

आंबावाल्यांकडे मार्च ते मे हात लावत नाही. पेट्या भरायला लागल्या की लेबल छापणारा संगणक हाच सगळ्यात महत्त्वाचा माणूस. मच्छीमार सोसायटीत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा काम कमी. पण मृग लागला की विजेचा भरवसा नाही. म्हणून जूनचा पहिला आठवडा, जोराचा पाऊस धरायच्या आत. नारळी पौर्णिमेला होड्या परत पाण्यात जातात, त्यानंतर डिझेलच्या पावत्यांची गर्दी. सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि त्याच सुमारास गणपती. त्या दोन महिन्यांत फक्त सुरक्षेची अपडेट्स. शाळांना फेब्रुवारी-मार्च परीक्षा, जूनमध्ये प्रवेश. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर सगळ्यांना बरा: हवा कोरडी, वीज टिकलेली, कुणाची धावपळ नाही.

आणि वीज गेली तरी वीस मिनिटं तग धरेल असा इन्व्हर्टर असल्याशिवाय मोठं पॅकेज सुरू करू नका. अर्ध्यात बंद पडलेलं इन्स्टॉलेशन सहसा पुन्हा सुरू करून पूर्ण करता येतं, पण ते पूर्ण होईपर्यंत काय चालेल आणि काय नाही हे कुणी सांगू शकत नाही.

तुमच्या हातून कधी चूक झाली आहे का?

झाली आहे. विजयदुर्गच्या खाडीपलीकडच्या एका शाळेत नव्या लॅपटॉपसाठी बॅकपोर्टचा कर्नल घेतला. तो छान चालला. मग दोन्ही मशीन सारख्या असाव्यात म्हणून तिथल्या जुन्या संगणकावरही तोच टाकला. त्या संगणकाला वायफायची यूएसबी काडी होती आणि तिचा ड्रायव्हर कर्नलसोबत येणारा नव्हता. डीकेएमएस म्हणून सोय आहे, तिच्याने तो दर कर्नलसाठी तिथल्या तिथे कंपाइल होत असे. नव्या कर्नलमध्ये आतलं काही बदललं होतं, ड्रायव्हर कंपाइलच झाला नाही. मी त्या वेळी पडद्यावरची ती ओळ वाचली नाही. घरी आले.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर नेट नाही, आणि शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायची ती शेवटची तारीख. गुरुजींचा फोन आला. मी म्हटलं, ‘गुरुजी, बंद करून परत चालू करा, आणि पहिली पाटी दिसली की खालचा बाण दाबून धरा.’ थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘गो, स्क्रीन काळी झाली हा, तीन ओळी दिसतत. मधली दाबू?’ मधलीच दाबायची होती. तिच्या आत जुना ६.१ कर्नल अजून होता, कारण डेबियन नवा कर्नल टाकताना जुना लगेच पुसत नाही. त्यावर मशीन सुरू झाली, नेट आलं, अर्ज गेले.

त्या संगणकाला नव्या कर्नलची काही गरज नव्हती. दोन मशीन सारख्या दिसाव्यात यासाठी मी तो टाकला होता. आता गरज प्रत्येक संगणकाची वेगळी लिहितो, आणि डीकेएमएसवर चालणारं काही असेल तर ते कंपाइल झाल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून उठत नाही.

बॅकपोर्ट घेतल्यावर त्याची सुरक्षा अपडेट्स कोण देतं?

हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच इथे घातलंय. स्टेबलमधल्या पॅकेजेसना डेबियनची सुरक्षा टीम बघते. बॅकपोर्टला ती टीम बांधील नाही. ज्याने तो बॅकपोर्ट चढवला तो स्वयंसेवक जमेल तसं बघतो. बरेच जण मनापासून बघतात. तरी घेण्याआधी आम्ही त्या पॅकेजचा इतिहास चाळतो: मागच्या वर्षभरात किती वेळा ताजं केलं, भगदाड जाहीर झाल्यावर किती दिवसांत? सहा महिने हालचाल नसेल तर प्रोग्राम कितीही चांगला असो, आम्ही घेत नाही. बाहेरच्या नेटवर्कला उघडा असणारा प्रोग्राम, म्हणजे वेब सर्व्हर, मेल सर्व्हर, बॅकपोर्टमधून घेणं शक्यतो टाळतो.

बॅकपोर्ट चालू केला की सगळंच नवीन होत नाही ना?

नाही. बॅकपोर्टच्या भांडाराचा, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात त्या जागेचा, प्राधान्यक्रम १०० ठेवलेला असतो, नेहमीच्या स्टेबलचा ५००. त्यामुळे तुम्ही नाव घेऊन मागाल तेच पॅकेज तिथून येतं. एकदा आणलेलं पॅकेज मात्र पुढे तिथूनच ताजं होत राहतं. टेस्टिंग किंवा अनस्टेबलचं भांडार मात्र स्टेबल संगणकावर कधीही जोडू नका, कुणी कितीही सोपा उपाय म्हणून सांगितला तरी.

पुढच्या डेबियनवर जाताना बॅकपोर्ट आड येतो का?

येऊ नये अशीच रचना आहे. बॅकपोर्टच्या आकड्याच्या शेवटी ~बीपीओ१२+१ अशी शेपटी असते. ती लाटेसारखी खूण डेबियनच्या हिशेबात रिकाम्यापेक्षाही लहान मानली जाते. म्हणजे तेच व्हर्जन डेबियन १३ मध्ये शेपटीशिवाय आलं की ते मोठं ठरतं आणि आपोआप जागा घेतं.

फ्लॅटपॅक घेतलं तर ही कटकट राहणार नाही?

फ्लॅटपॅक म्हणजे प्रोग्राम सिस्टीमपासून वेगळा ठेवून बसवण्याची पद्धत. काही प्रोग्रामांसाठी ते खरंच बरं. खालच्या सिस्टीमला हात लागत नाही. पण सोबत स्वतःच्या लायब्रऱ्या घेऊन येतं, त्यामुळे डाउनलोड मोठं होतं, आणि आमच्या निम्म्या ठिकाणी इंटरनेट म्हणजे खिडकीत ठेवलेला मोबाइल. प्रिंटर आणि फॉन्ट नीट दिसतात का तेही वेगळं तपासावं लागतं. रेंज चांगली असेल तर विचारा, बघू.

चाललं नाही तर जुन्यावर परत येता येतं का?

प्रोग्राम परत जुना करता येतो, नाव आणि व्हर्जन सांगून. त्याने मधल्या काळात लिहिलेल्या फाइली मात्र जुन्या होत नाहीत. ब्राउझर नव्याने उघडलेलं प्रोफाइल जुन्यात घेत नाही, मेलचा प्रोग्रामही तसाच. म्हणून बॅकपोर्टआधी प्रोग्रामसोबत त्याच्या सेटिंगच्या फोल्डरचीही प्रत काढतो. प्रत पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवायचा नाही, कपाटात ठेवायचा.

आमच्या मशीनवर काय काय बॅकपोर्ट केलंय ते कुठे कळेल?

प्रत्येक संगणकाशेजारी दोऱ्याने बांधलेली एक वही आहे. शेवटचं पान उघडा. तारीख, पॅकेजचं नाव, आधीचं आणि नंतरचं व्हर्जन, कशासाठी घेतलं, आणि नको झाल्यावर कसं काढायचं, अशा पाच रकान्यांत आमच्यापैकी कुणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं सापडेल. ‘कशासाठी’चा रकाना रिकामा दिसला तर आम्हाला फोन करा, आम्ही येऊन ते पॅकेज काढू.